ड्रोनचे पोर्ट नीट लावा: माझा ड्रोन बांधीत का पडला

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून सगळे आकडे इथे दिलेत. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड जरा हाताने करायच्या कामाचा आहे.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. शब्द वेगळे, पण दुखणं तेच. "दादा, सगळं सोल्डर केलं, वायरी तीनदा तपासल्या, पण रिमोट हलवला की स्क्रीनवर काहीच हलत नाही." किंवा, "जीपीएसचा दिवा लागतो, पण सॅटेलाइट शून्यच दाखवतं." किंवा, "ड्रोन आर्मच होत नाही." दहापैकी सात-आठ वेळा उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. कॉन्फिगरेटरमधल्या पोर्ट्स नावाच्या टॅबमध्ये. तर आज पोर्ट.

मी स्वतः बीटेक, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि सध्या लॅपटॉप घेऊन गावाकडूनच काम चालतं. गाव आमगाव तालुक्यात, जिल्हा गोंदिया. घरी धानाची शेती. ड्रोन हा छंद. आणि आज मी तुम्हाला शिकवणार आहे ते मी पुस्तकातून शिकलेलो नाही, चुकून शिकलोय. ती चूक आधी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

जुलै महिना, रोवणीचे दिवस

मागच्या वर्षीची गोष्ट. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती, आणि आमच्या बांधीत रोवणी चालू होती. गोंदियाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, बांधी म्हणजे धुऱ्यांनी अडवलेला, पाणी भरलेला धानाचा तुकडा. चिखल करायचा, परे उपटून आणायचे आणि ओळीने रोवत मागे मागे जायचं. अकरा-बारा बायका होत्या, त्यात माझी आई आणि माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या वहिनी.

मला वाटलं, वरून काय भारी दिसेल! हिरवे पट्टे, चिखलाचं पाणी, रंगीत लुगडी. एक रील तर झालीच पाहिजे. आदल्या रात्रीच ड्रोनवर नवीन जीपीएस बसवला होता. पाच इंची पंख्यांचा, बॅटरीसकट साधारण ७०० ग्रॅमचा ड्रोन.

सकाळी धुऱ्यावर उभा राहिलो, बॅटरी लावली, स्विच मारला. आर्म होईना. पडद्यावर कारण दाखवत होता: जीपीएस. मी जीपीएसकडे बघितलं, तर त्याचा दिवा मस्त लुकलुकत होता. म्हटलं, जीपीएस तर चालू आहे, हा उगाच नाटकं करतोय. मोबाईलला ओटीजी केबल लावली, ॲप उघडलं, आणि सेटिंगमध्ये एक पर्याय असतो तो सुरू केला: "जीपीएसची जागा पक्की झाली नसली तरी आर्म होऊ दे." ड्रोन लगेच आर्म झाला. मी खूश.

वर गेला. साधारण वीस मीटर. शेजारच्या बांबूच्या बेटाला वळसा घातला, आणि गॉगलमध्ये चित्र असतानाच रिमोटचा सिग्नल गेला. मी फेलसेफला जीपीएस रेस्क्यू लावलेलं होतं. म्हणजे सिग्नल गेला की ड्रोनने आपोआप उडाल्या जागी परत यायचं. मी निर्धास्त होतो. म्हटलं येईल आता.

तो आला नाही. मोटर बंद झाल्या आणि दगडासारखा खाली पडला. मोठ्या आईपासून दहा हातांवर, चिखलात.

जरा हिशेब करा. वीस मीटरवरून वस्तू सोडली, हवेचा विरोध धरला नाही, तर जमिनीशी तिचा वेग तासाला सुमारे ७० किलोमीटर होतो. ७०० ग्रॅम वजन, कार्बन फायबरचे टोकदार हात, वरती लिथियमची बॅटरी. आणि खाली बायका वाकून रोवत होत्या, पाठ वर. वर बघायची सोयच नाही.

चिखल उडाला, बायका ओरडल्या, मग हसायला लागल्या. मोठ्या आईने ड्रोन उचलून, पदराने पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काहून रे बाबू, आमच्या डोस्क्यावर पाडतं का आता?" दुसरी एक म्हणाली, "हे रोवणी करते का? करत असंल तं उद्यापासून यालेच लाव." सगळ्या परत हसल्या. मीही हसलो. म्हणालो, "सिग्नल गेला." सगळ्यांना पटलं. गावात मोबाईलचा सिग्नल जातोच की.

पण सिग्नल गेला हे अर्धंच खरं होतं. ते रात्री कळलं. ते काय होतं हे समजायला आधी पोर्ट समजून घेऊ.

फ्लाइट कंट्रोलर म्हणजे गोंदिया जंक्शन

फ्लाइट कंट्रोलर म्हणजे ड्रोनच्या मधोमध बसलेला छोटा बोर्ड. त्यावर एक प्रोसेसर असतो. आपल्या छंदाच्या ड्रोनमध्ये बहुतेक एसटीएम३२ जातीचा, एफ४, एफ७ किंवा एच७ मालिकेतला. तोल सांभाळणारा जायरो त्याच बोर्डावर असतो. पण रिमोटचा रिसीव्हर, जीपीएस, व्हिडिओ ट्रान्समीटर हे सगळे बाहेरचे पाहुणे. त्यांच्याशी बोलायला बोर्डावर दारं असतात. त्या दाराला म्हणतात यूएआरटी. एसटीएम३२ एफ४०५ या चिपमध्ये अशी सहा दारं आहेत. बोर्ड बनवणारा त्यातली काही बाहेर काढतो, काही नाही.

गोंदिया जंक्शन डोळ्यांसमोर आणा. हावडा-मुंबईची मुख्य लाइन, एक फाटा बालाघाटवरून जबलपूरकडे, एक नागभीडवरून बल्लारशाहकडे. बरेच प्लॅटफॉर्म. यूएआरटी १, यूएआरटी २, यूएआरटी ३ हे प्लॅटफॉर्म समजा. रिसीव्हर, जीपीएस या गाड्या. तुम्ही वायर सोल्डर केली म्हणजे गाडी एका प्लॅटफॉर्मवर आणून उभी केली. पण स्टेशनमास्तरच्या वहीत त्या प्लॅटफॉर्मवर कोणती गाडी येणार हे लिहिलेलं नसेल, तर तिच्याकडे कोणी बघणारच नाही. पोर्ट्स टॅब म्हणजे ती वही. सोल्डरिंग हे अर्धं काम, वहीतली नोंद हे उरलेलं अर्धं.

आणि एक गोष्ट. गोंदिया-बालाघाट-जबलपूर मार्ग पूर्वी नॅरोगेज होता, दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर. ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. नॅरोगेजची गाडी ब्रॉडगेजच्या रुळावर चढेल का? नाही. पोर्टमध्ये ह्या गेजला म्हणतात बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा वेग. दोघांचा वेग एक हवा. जीपीएस ९६०० ने बोलतोय आणि बोर्ड ११५२०० ने ऐकतोय, तर बोर्डाला नुसता कचरा ऐकू येतो.

आधी वायर

प्रत्येक यूएआरटीला दोन ठिपके असतात, टी आणि आर. टी२, आर२ म्हणजे यूएआरटी २ चे. टी म्हणजे तोंड, आर म्हणजे कान. रिसीव्हरचं तोंड बोर्डाच्या कानाला, बोर्डाचं तोंड रिसीव्हरच्या कानाला. म्हणजे टी कडून आर, आर कडून टी. टी ला टी जोडलं की दोघं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून ओरडत बसतात, ऐकत कोणीच नाही. नवशिक्यांची ही पहिली चूक, आणि सुदैवाने यात सहसा काही जळत नाही. वायरी उलटा, संपलं.

जीपीएसला होकायंत्र असेल तर सहा वायरी येतात. त्यातल्या एसडीए आणि एससीएल या दोन होकायंत्राच्या. त्या यूएआरटीला लावायच्या नाहीत, बोर्डावर त्याच नावाचे ठिपके असतात, तिथे.

आणि तिसरी गोष्ट, वीज. काही बोर्डांवर पाच व्होल्टचा ठिपका फक्त बॅटरी लावल्यावरच जिवंत होतो. यूएसबीवर जीपीएस बंदच राहतो आणि आपण तासभर पोर्ट बदलत बसतो. आधी दिवा लागतो का बघा.

आता पोर्ट्स टॅब

मी बेटाफ्लाइट धरून बोलतोय, कारण तुमच्यापैकी बहुतेकांकडे तेच आहे. टॅब उघडला की एक तक्ता दिसतो. डावीकडे ओळींची नावं: यूएसबी व्हीसीपी, यूएआरटी १, २, ३ असं. वरती रकाने: कॉन्फिगरेशन म्हणजे एमएसपी, मग सिरियल आरएक्स, टेलिमेट्री आउटपुट, सेन्सर इनपुट, पेरिफेरल्स.

आपल्या जिल्ह्यात एमएसपी म्हटलं की धानाचा हमीभाव आठवतो. इथे एमएसपी म्हणजे मल्टीवी सिरियल प्रोटोकॉल. मल्टीवी हा जुना प्रकल्प. त्यात हौशी लोकांनी निन्टेन्डो वी या व्हिडिओ गेमच्या रिमोटमधले सेन्सर काढून ड्रोन उडवले होते. त्या घराण्यातून पुढे बेसफ्लाइट, क्लीनफ्लाइट आणि मग बेटाफ्लाइट आलं. प्रोटोकॉलचं नाव अजून तेच आहे. कॉन्फिगरेटर आणि बोर्ड याच भाषेत बोलतात.

म्हणून पहिला नियम: यूएसबी व्हीसीपीच्या ओळीतल्या एमएसपीला हात लावायचा नाही. ते बंद करणं म्हणजे आत बसून बाहेरून कुलूप लावणं. मग फर्मवेअर पुन्हा टाकण्यापर्यंत वेळ येते.

दुसरा नियम: रिसीव्हर ज्या यूएआरटीवर आहे, त्याच ओळीत सिरियल आरएक्स चालू करायचं, आणि त्या ओळीत एमएसपी बंद ठेवायचं. एका प्लॅटफॉर्मवर एका वेळी एक गाडी. चुकीची जोडी लावून सेव्ह केलं, तर बोर्ड कधी कधी पोर्टच्या सगळ्या नोंदी पुसून मूळ स्थितीला नेतो. तुम्हाला वाटतं सेव्ह झालं नाही. झालं होतं, बोर्डाने नाकारलं.

मग रिसीव्हर टॅबमध्ये जाऊन सांगायचं की रिसीव्हर सिरियल आहे आणि भाषा कोणती. एक्सप्रेसएलआरएस किंवा क्रॉसफायर असेल तर सीआरएसएफ. त्याचा वेग आपण निवडायचा नसतो, बेटाफ्लाइट स्वतः लावतं. टेलिमेट्रीही त्याच वायरीतून परत जाते, त्यामुळे पोर्ट्समधला टेलिमेट्रीचा रकाना रिकामा ठेवा. जुना एसबस रिसीव्हर असेल तर थोडी गंमत आहे. एसबसचा सिग्नल उलटा असतो, शून्याच्या जागी एक. एफ७ आणि एच७ चिप तो आतल्या आत सुलटा करतात. एफ४ ला ते येत नाही, म्हणून एफ४ बोर्डावर एसबस लिहिलेला वेगळा ठिपका असतो आणि त्याच्या मागे सिग्नल उलटवणारा छोटा भाग. एसबस तिथेच लावा.

तिसरा, जीपीएस. त्याच्या ओळीत सेन्सर इनपुट रकान्यात जीपीएस निवडायचं, वेग ठेवायचा, मग जीपीएसचं फीचर चालू करून प्रोटोकॉल यूब्लॉक्स.

आणि चौथं, खालचं सेव्ह अँड रीबूट. हसू नका. मी स्वतः कितीदा विसरलोय.

हे झालं की पंखे काढलेले असताना तपासायचं. रिमोटच्या काड्या हलवल्या की रिसीव्हर टॅबमधले पट्टे हलले पाहिजेत, आणि जी काडी हलवली तोच पट्टा. जीपीएसचं चिन्ह पेटलं पाहिजे, आणि घराबाहेर नेल्यावर सॅटेलाइटचा आकडा शून्यावरून वर चढला पाहिजे. चढला नाही तर उडवायचं नाही. इतकं साधं.

मग माझं काय चुकलं

आता परत त्या रात्रीकडे. ड्रोन धुवून, वाळवून, लॅपटॉपला लावला. आधी रिसीव्हर बघितला. अँटेनाची वायर तिच्या छोट्या खोबणीतून निसटली होती. सिग्नल का गेला ते कळलं. पण सिग्नल कधीतरी जाणारच म्हणून तर रेस्क्यू असतं. ते का चाललं नाही?

सीएलआय उघडलं. सीएलआय म्हणजे जिथे टाइप करून बोर्डाशी बोलता येतं ती काळी खिडकी. तिथे "सिरियल" टाइप केलं की पोर्टच्या सगळ्या नोंदी आकड्यांत दिसतात. माझ्या आवृत्तीत एक ओळ अशी दिसायची: सिरियल, मग सहा आकडे. पहिला आकडा पोर्टचा, दुसरा कामाचा, पुढचे चार वेगाचे.

कामाचे आकडे दोनच्या घातात असतात. एमएसपी म्हणजे १, जीपीएस म्हणजे २, सिरियल आरएक्स म्हणजे ६४. एखाद्या ओळीत ६५ दिसलं तर समजायचं की ६४ अधिक १, रिसीव्हर आणि एमएसपी एकाच दारात घुसलेत.

आणि पोर्टचा आकडा? तो शून्यापासून. ० म्हणजे यूएआरटी १. १ म्हणजे यूएआरटी २. २ म्हणजे यूएआरटी ३. यूएसबीचा आकडा २०. बेटाफ्लाइटच्या अगदी नव्या आवृत्तीत तुम्हाला आकड्याऐवजी नाव दिसू शकतं, तेव्हा आपल्या बोर्डावर काय दिसतं ते आधी बघा. माझ्याकडे आकडे होते.

माझा जीपीएस टी२ आणि आर२ वर सोल्डर केलेला होता. यूएआरटी २. आदल्या रात्री लॅपटॉप चार्ज नव्हता, मोबाईलच्या छोट्या पडद्यावर तो तक्ता नीट दिसत नव्हता, म्हणून मी थेट सीएलआयमध्ये ओळ टाइप केली होती: सिरियल २ २, आणि पुढे वेग. यूएआरटी २ वर जीपीएस, असं माझ्या मनात. बोर्डाने मात्र वाचलं, यूएआरटी ३ वर जीपीएस. बरोबर ओळ होती सिरियल १ २.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. दिवसभर शून्यापासून मोजतो. आणि तिथेच चुकलो.

म्हणजे जीपीएस दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर शिट्ट्या मारत उभा होता, आकाशातले सॅटेलाइट त्याला सापडलेही होते, दिवा म्हणूनच लुकलुकत होता. आणि बोर्ड तीन नंबरवर कान लावून बसला होता. जीपीएसही खरं बोलत होता आणि बोर्डही. बोर्डाने सकाळी मला सांगितलं होतं: माझ्याकडे जीपीएस नाही, मी आर्म होणार नाही. मी त्याचं तोंड बंद केलं.

जीपीएस रेस्क्यूला घरची जागा लागते, आणि ती नोंद आर्म होताना होते. माझ्या ड्रोनकडे घरच नव्हतं. त्यामुळे सिग्नल गेल्यावर परत जायचं कुठे, हे त्याला ठाऊक नव्हतं. अशा वेळी बेटाफ्लाइट एकच करतं, मोटर बंद. आणि त्याचंही बरोबर आहे. कुठे जायचं हे माहीत नसताना फिरत्या पंख्यांनी भरकटण्यापेक्षा ते बरं. चूक त्या कोडची नाही. अँटेना निसटणं हा अपघात होता. पोर्टचा आकडा चुकणं ही चूक होती. पण इशारा बंद करून बायकांच्या डोक्यावर उडवणं, याला मी अपघातही म्हणणार नाही आणि चूकही. ती निष्काळजी होती.

सकाळी आईला सांगितलं. पोर्ट वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की सिग्नल गेला हे खरं, पण मशीन आधीच नको म्हणत होतं आणि मी ऐकलं नाही. आई चुलीपुढे होती. म्हणाली, "मग कालच काहून नाही सांगितलं तसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मोठ्या आईकडे गेलो, तिलाही तेच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. काल हसली होती, आज हसली नाही. म्हणाली, "माह्यावर पडलं असतं तं चाललं असतं रे. ते बारकी पोरगी होती ना बाजूला, पहिल्यांदा रोवणीले आली होती." आणि मग म्हणाली, "चहा घे."

ती मुलगी मला दिसलीसुद्धा नव्हती, मंडळी. गॉगलमध्ये मी वरून फक्त रंग बघत होतो.

तुमच्यासाठी पाच कामं

एक. बोर्ड विकत घेतला की त्याचा वायरिंगचा नकाशा मोबाईलमध्ये सेव्ह करा. मग कागदावर लिहा: कोणता ठिपका, कोणता यूएआरटी, कोणतं उपकरण, कोणता वेग. सोल्डर करायच्या आधी. माझा कागद आता ड्रोनच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे.

दोन. दुसऱ्याच्या ड्रोनची सीएलआयमधली ओळ उचलून आपल्यात चिकटवू नका. त्याचा बोर्ड वेगळा, त्याची दारं वेगळी. तुमच्यापैकी जे आर्डूपायलट वापरतात त्यांनी तर जास्तच सांभाळा. तिथे सिरियल ० म्हणजे यूएसबी, आणि सिरियल ३ म्हणजे यूएआरटी ३ असेलच असं नाही. कोणता सिरियल कोणत्या यूएआरटीला जोडलाय हे प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं. शिवाय वेग लिहायची पद्धतही वेगळी, ५७ म्हणजे ५७६०० आणि ११५ म्हणजे ११५२००. मॅव्हलिंक २ साठी प्रोटोकॉलचा आकडा २, जीपीएससाठी ५, रिमोटच्या रिसीव्हरसाठी २३.

तीन. बदल केला की "डिफ ऑल" कमांड देऊन सगळी सेटिंग मोबाईलमध्ये जपून ठेवा, तारखेसकट. काल चालत होतं आणि आज चालत नाही, तेव्हा दोन फाइल शेजारी ठेवल्या की फरक लगेच सापडतो.

चार. फेलसेफ जमिनीवर तपासा. पंखे काढा, बॅटरी लावा, आर्म करा, थ्रॉटल थोडा द्या आणि रिमोट बंद करा. काय होतं ते डोळ्यांनी बघा. रेस्क्यूची खरी परीक्षा रिकाम्या मैदानात, स्विचवर ठेवून, म्हणजे नको वाटलं तर लगेच हातात घेता येईल. सॅटेलाइट आठपेक्षा कमी असतील तर आर्मच करू नका.

पाच. ड्रोन आर्म होत नसेल तर त्याला गप्प करायचा पर्याय शोधू नका. सीएलआयमध्ये "स्टेटस" टाइप करा, तो का अडून बसलाय हे तो शेवटच्या ओळीत सांगतो. ते कारण दूर करा.

उडवण्याआधी कायद्याचं थोडं

ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. व्यवसायासाठी नसेल तर मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण घरी बनवला म्हणून नियमच नाहीत, असं समजू नका. नोंदणी करून यूआयएन नंबर घेणं हे आपलं काम आहे, आणि उडवण्याआधी सरकारी हवाई नकाशा बघणंही. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तीच मर्यादा २०० फूट होते, आणि त्याहून जवळ तर परवानगीशिवाय नाहीच. आपल्याकडे बिरसीला विमानतळ आहे, तिथे शिकाऊ वैमानिक विमानं उडवतात. त्या विमानात तुमच्याच वयाचं कोणीतरी पहिल्यांदा एकटं उडत असेल, हे लक्षात ठेवा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातही वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन काढायचा नाही, तळं कितीही सुंदर दिसत असलं तरी.

आणि माणसांच्या डोक्यावरून नाही. हा नियम मला माझ्या मोठ्या आईने शिकवला.

यंदा रोवणीचा व्हिडिओ केला मी. मोबाईलवर, धुऱ्यावर उभा राहून. नंतर, बायका जेवायला झाडाखाली गेल्यावर, रिकाम्या बांधीवरून ड्रोन फिरवला. उडवण्याआधी सॅटेलाइट मोजले, चौदा होते. मोठी आई हातात भाकर घेऊन लांबून ओरडली, "आज पडत नाही ना रे?" म्हटलं, "आज त्याले घर माहीत आहे."

चला, आजचं इतकंच. तुमच्या बोर्डाच्या पोर्ट्स टॅबचा स्क्रीनशॉट काढा, कागदावरच्या नोंदीशी जुळवा, आणि जुळत नसेल तर मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये मोटरच्या दिशा आणि पंखे उलटे बसवल्यावर काय होतं ते बघू, त्याचीही एक गोष्ट आहे माझ्याकडे. तोपर्यंत, यूएसबी लावायच्या आधी पंखे काढा. भेटू.